मंदीचा इसार आणि मोबाइलवरचा सट्टा

जमीन घ्यायची असो की बैलजोडी, सौदा तोंडी ठरला की आपल्याकडे आधी इसार द्यावा लागतो. पुढे घेणाऱ्याचे मन फिरले तर इसार बुडतो. पण बाकीची रक्कम सहसा गळ्यात पडत नाही. शेअर बाजारातील 'ऑप्शन' नावाचा जो प्रकार मोबाइलवरून आज धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत येऊन पोचला आहे, तो समजून घ्यायला हा इसारच कामाला येतो. कोर्टात दोन्ही सारखे ठरणार नाहीत हे खरे, पण हिशेब एकाच जातीचा आहे. आज थोडी रक्कम द्यायची आणि पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने माल घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क राखून ठेवायचा. हक्क वापरलाच पाहिजे असे नाही.

हे काही परदेशातून आलेले नवल नव्हे. आपल्याकडचे व्यापारी पूर्वापार 'तेजी लावणे', 'मंदी लावणे' म्हणत तोच हा प्रकार. तेजी म्हणजे घेण्याचा हक्क, मंदी म्हणजे विकण्याचा. शेतमालातील असे सौदे १९५२ च्या वायदा कायद्याने बंद केले होते. पुढे वायदे बाजारावरची देखरेख २०१५ मध्ये 'सेबी'कडे आली आणि जानेवारी २०१८ मध्ये एनसीडीईएक्स या बाजारात गवार बियांपासून शेतमालाच्या ऑप्शनला पुन्हा सुरुवात झाली.

आता यात शेतकऱ्याचे काय? समजा जून महिन्यात पेरणी झाली, सोयाबीन ५ हजार रुपये क्विंटल आहे आणि दसरा-दिवाळीला भाव पडेल अशी धास्ती आहे. शेतकऱ्याने क्विंटलला १५० रुपये देऊन ४,८०० ने विकण्याचा हक्क घेतला. ऑक्टोबरात भाव ४,२०० झाला तर त्याला वरचे ६०० मिळतात. दिलेले १५० वजा जाता ४५० हातात राहिले, म्हणजे माल ४,६५० ने गेल्यासारखा झाला. उलट भाव ५,६०० झाला तर १५० गेले, माल खुशाल मोंढ्यात ५,६०० ने विकावा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पण मुद्दा ध्यानात यावा: पीकविमा पावसाचा असतो, हा भावाचा विमा आहे. आणि आपल्या भागाला पावसाइतकाच भावानेही मारले आहे.

ऑगस्ट २०२१ आठवून पाहा. सोयाबीनने १० हजारांची पातळी ओलांडली होती. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल खळ्यावर येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. ज्याने चढा भाव पाहून बियाणे, खत उधारीवर उचलले त्याचे काय झाले हे कळंब, वाशी, तुळजापूरकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अशा वेळी मंदीचा इसार खिशात असता तर उपयोग झाला असता. पण २० डिसेंबर २०२१ रोजी 'सेबी'ने सात शेतमालांचे वायदे व तत्सम सौदे एक वर्षासाठी थांबवले. त्यात सोयाबीन आणि हरभरा ही आपली दोन्ही पिके होती. पुढे ती मुदत वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. कारण दिले गेले महागाईचे. शेतकरी संघटनेने विरोध केला, काही उपयोग झाला नाही.

वायदे बंद झाल्याने भाव सावरला म्हणावे तर तसेही दिसले नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. अर्थात वायदे चालू असते तरी पाच एकरवाला एकट्याने तिथे गेला नसता, हेही कबूल करायला हवे. तिथला एकेक सौदा टनांच्या हिशेबाचा. ते काम शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांचा माल एकत्र करून करायचे. पण दारच लावलेले असताना कंपनीने तरी काय करावे!

आणि नेमक्या याच काळात दुसरे दार सताड उघडे होते. सोयाबीनच्या मंदीचा इसार मिळेना, पण निफ्टीच्या तेजी-मंदीचा इसार दर आठवड्याला, घरबसल्या, हजार-पाचशे रुपयांतही मिळू लागला. पोरगं डिप्लोमा करून घरी बसलेलं, हातात फोन, आधार-पॅन जोडून खातं उघडलं की झाला सुरू कारभार. 'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात वायदे-ऑप्शनमधील वैयक्तिक खातेदारांचा हिशेब आहे. त्यांच्यातले ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातील तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे. तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे सांगितलेले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. राज्यवार पाहता सर्वांत जास्त संख्या आपल्या महाराष्ट्राची.

आणि निकाल काय? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातले ९३ जण तोट्यात. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तोट्यातल्या माणसामागे सरासरी दोन लाख रुपये. दोन लाख म्हणजे किती, ते आपल्या मापाने मोजू. पाच एकरात एकरी सात क्विंटलप्रमाणे ३५ क्विंटल सोयाबीन, ४,५०० रुपयांनी १ लाख ५७ हजार ५०० रुपये. खर्चसुद्धा न काढता अख्खे खरीप गेले आणि वर देणे राहिले. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही ९१ टक्के खातेदार तोट्यातच होते आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर होता.

असे का होते? घेणारा मूर्ख असतो म्हणून नव्हे. ऑप्शन ही यात्रेत विकायला आणलेली बर्फाची लादी आहे. गिऱ्हाईक येवो न येवो, ती वितळतच असते. मुदत जवळ येते तसे इसाराचे मोल कमी होत जाते. बाजार वर जाईल हा अंदाज खरा ठरूनही तो मुदतीनंतर खरा ठरला तर पैसे गेलेच. मुदतीच्या दिवशी सकाळी घेतलेला स्वस्त ऑप्शन दुपारपर्यंत शून्य होताना पाहिलेला माणूस हे चांगले सांगेल. मग काही जण म्हणतात, आपण इसार देणारे होण्यापेक्षा घेणारे होऊ, म्हणजे ऑप्शन विकू. त्यात दहा वेळा चार पैसे सुटतात आणि अकराव्या वेळी घरच जाते, कारण विकणाऱ्याच्या तोट्याला बांध नाही. 'सेबी'ने नोव्हेंबर २०२४ पासून इंडेक्सच्या नव्या सौद्यांचे किमान मूल्य १५ लाख केले. वर काढलेल्या आपल्या खरिपाच्या साडेनऊ पट! तेवढ्या मालाची जोखीम घेऊन कोण निवांत झोपेल?

समोर कोण बसले आहे तेही पाहावे. त्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी आणि दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी या बाजारात खर्च धरण्यापूर्वी कमावले. बहुतांश नफा संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या सौद्यांतून. जुलै २०२५ मध्ये 'सेबी'ने जेन स्ट्रीट या अमेरिकी पेढीवर मुदतीच्या दिवशी निर्देशांक हलवल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये रोखण्याचा अंतरिम आदेश काढला. पेढीने आरोप नाकारले. त्या वादाचे काय व्हायचे ते होवो. आपला गडी या फडात लंगोट न बांधताच उतरला आहे एवढे त्यावरून दिसते. शिवाय हरो वा जिंको, दलाली आणि बाजाराची फी कापली जातेच. तीन वर्षांत खातेदारांनी या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी भरले. मोंढ्यातली हमाली-तोलाई परवडली.

याचा अर्थ शेअर बाजार वाईट असा नव्हे. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन दहा वर्षे ठेवणारा किंवा म्युच्युअल फंडात महिन्याला हजार रुपये टाकणारा वेगळा. पीककर्जाचे, सोनेतारणाचे, पोरीच्या लग्नाचे पैसे ऑप्शनमध्ये घालणारा वेगळा. मोबाइलवर टिपा देणारे 'सर' भेटले तर आधी त्यांचा 'सेबी' नोंदणी क्रमांक विचारावा. महिन्याला अमुक टक्के पक्के, असे नोंदणीकृत सल्लागाराला सांगताच येत नाही. आपले खाते दुसऱ्याला चालवायला देऊ नये. तक्रार वा चौकशीसाठी 'सेबी'चा मोफत फोन १८०० २६६ ७५७५ आहे. पैसे लुबाडले गेले असतील तर उशीर न करता १९३० वर कळवावे. सोसायटीच्या गटसचिवांनी आणि ग्रामपंचायतीने हे दोन क्रमांक फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही. पीककर्ज वाटपाच्या दिवसांत तर जरूर.

राहिला भावाच्या विम्याचा प्रश्न. नीट पाहिले तर हमीभाव हाच सरकारने फुकट दिलेला मंदीचा इसार आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनला तो ५,३२८ होता. फक्त हा हक्क वापरायला नोंदणी लागते, माल १२ टक्के ओलाव्यात बसावा लागतो, केंद्रावर बारदाना असावा लागतो. म्हणजे इसार फुकट, पण वसूल करताना घाम फुटतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. ती १९९० पासून चालू आहे, पण माहिती फार थोड्यांना. योजना राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात स्वतः पिकवलेला माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम उचलायची, सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याज. वरच्याच ३५ क्विंटलचा हिशेब केला तर १ लाख १८ हजार १२५ रुपये हातात येतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते ३,५४४. क्विंटलमागे शंभर-एकशे एक रुपये. यात भाव पडला तर तोटा आपलाच, ऑप्शनसारखी खालची बाजू बांधलेली नाही आणि माल वाळून वजनही थोडे घटते. पण रब्बीच्या पेरणीला पैसा मिळतो, सुगीच्या गर्दीत माल फेकावा लागत नाही, आणि शंभराच्या वर जेवढा भाव वाढेल तेवढा आपला.