अंगण खरोखर वाकडे होते का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये कुस्तीशौकिनांना एक दुर्मीळ योग पाहायला मिळाला. दोन संघटनांच्या वादामुळे त्या एकाच महिन्यात ‘महाराष्ट्र केसरी’ नावाच्या दोन स्पर्धा झाल्या. पहिली पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे. तिथे १० नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख याने शिवराज राक्षे याला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. शिवराजने त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात हा किताब जिंकला होता. दुसरी स्पर्धा आपल्या धाराशिवला झाली. फुलगावच्या पराभवाला पंधरवडाही उलटला नव्हता. तरी धाराशिवच्या अंतिम लढतीत त्याच शिवराजने २०२० सालचा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर याला हरवून किताब मिळवला.

एखादी कुस्ती अशी एकतर्फी झाली, की पारावर आणि चहाच्या टपरीवर ठरलेली वाक्ये ऐकू येतात. ‘गाफील राहिला’, ‘पाय घसरला’, ‘पंचांनी घात केला’, नाहीतर थेट ‘संपला आता तो’. पहिल्या तीन वाक्यांना आपण सबब म्हणतो आणि ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ म्हणून हसतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबायला हवे. कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असू शकते. ते आहे की नाही, हे हसून नव्हे, मोजून ठरते.

सबब तपासायची कशी?

मुष्टियुद्धातील एक गाजलेले उदाहरण घेऊ. २२ फेब्रुवारी २०२० रोजी लास व्हेगास येथे टायसन फ्यूरी याने डिऑन्टे वाइल्डर याचा दणदणीत पराभव केला. वाइल्डर तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत खाली पडला. सातव्या फेरीत त्याच्या बाजूने टॉवेल फेकून हार मान्य करण्यात आली. नंतर वाइल्डरने सांगितले, की रिंगणात येताना घातलेला पोशाख चाळीस पौंडांहून जड होता आणि त्याने पायांतले बळ गेले. चाहत्यांनी या कारणाची मनसोक्त थट्टा केली.

आपण थट्टा बाजूला ठेवून हिशेब करू. चाळीस पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. वाइल्डरचे वजन सुमारे १०५ किलो. म्हणजे ओझे शरीराच्या वजनाच्या १७ टक्के झाले. शालेय दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे, असे २०२० च्या दप्तर-धोरणात म्हटले आहे. तेव्हा हे ओझे अगदीच नगण्य नव्हते. मात्र ते काही मिनिटे चालण्यापुरते होते, आणि वाहणारा माणूस रोज कसून व्यायाम करणारा. त्याने पाय थोडे जड झाले असतील, हे शक्य आहे. पण सात फेऱ्यांच्या लढतीचा सगळा निकाल त्यावर टांगणे अवघड आहे. शिवाय ऑक्टोबर २०२१ मध्ये दोघे पुन्हा भिडले, तेव्हाही फ्यूरीच जिंकला. सबब पूर्ण खोटी नसेल, पण निकाल समजावून सांगायला ती अपुरी पडते.

आता फुलगावकडे वळू. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की लढत तिथेच संपते, मग गुण किती का असेनात. त्यामुळे अर्ध्या मिनिटातील चितपट ही दोन मल्लांमधील अंतराची मोजपट्टी नव्हे. एक डाव अचूक बसला, एवढेच ती नक्की सांगते. प्रयोगशाळेत आपण एकाच वाचनावरून निष्कर्ष काढत नाही. ‘संपला आता तो’ हे वाक्य एका वाचनावर उभे होते आणि धाराशिवच्या दुसऱ्या वाचनाने ते खोडले. मात्र यावरून फुलगावचा निकाल चुकीचा ठरत नाही, कारण धाराशिवला अंतिम लढतीतला प्रतिस्पर्धी वेगळा होता. दोन्ही निकाल खरे असू शकतात. वर्तवलेले भविष्य तेवढे चुकले.

चाहत्यांचे डोळे

हरणाऱ्यापेक्षा त्याचे चाहते अधिक हिरिरीने कारणे शोधतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून मोठा वाद झाला. तीच चित्रफीत हजारो लोकांनी पुनःपुन्हा पाहिली, तरी एकमत झाले नाही.

याचे नवल वाटायला नको. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या संस्थांमध्ये फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, तर प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ९.८! फिल्म तीच, आकडा दुपटीहून अधिक. ही मुले खोटे बोलत नव्हती. त्यांना तसेच दिसत होते.

१९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. विद्यापीठाचा संघ जिंकला, की सोमवारी त्याच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. सामन्याबद्दल विचारले तर विजयाविषयी बोलताना ‘आपण’ हा शब्द पराभवापेक्षा जास्त येतो. आपल्याकडेही ‘आपण जिंकलो’ आणि ‘ते हरले’ हा फरक कोणत्याही क्रिकेट सामन्यानंतर ऐकू येईल. म्हणजे चाहत्यापुढे दोनच सोपे मार्ग उरतात: पराभव नाकारायचा किंवा पराभूताला नाकारायचे. सबब ही पहिल्या मार्गावरची, थट्टा दुसऱ्या मार्गावरची.

पैलवान आपल्या वर्गातही आहे

फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये आणि पुढे बर्नार्ड वाइनर यांनी, माणूस यशापयशाची कारणे कशी लावतो याची मांडणी केली. प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारता येतात. ते आपल्या आत आहे की बाहेर? टिकाऊ आहे की बदलणारे? आपल्या ताब्यातले आहे की नाही? ‘पेपर अवघड होता’ हे कारण बाहेरचे आणि ताब्याबाहेरचे. ‘मला गणित येतच नाही’ हे आतले, पण टिकाऊ समजलेले. ‘अपूर्णांकांचा सराव झाला नाही’ हे आतले, बदलणारे आणि ताब्यातले.

आपण शिक्षक पहिल्या उत्तरावर चिडतो. खरे घातक उत्तर दुसरे आहे, आणि ते प्रामाणिक वाटत असल्याने आपण ते ऐकून गप्प बसतो.

कॅरोल ड्वेक यांनी १९७५ मध्ये केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. अपयश येताच हातपाय गाळणारी १२ मुले त्यांनी निवडली. निम्म्यांना सतत यशच मिळेल अशी गणिते दिली. उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिले आणि ते प्रयत्न कमी पडल्याने आले, असे सांगितले. प्रशिक्षणानंतर केवळ यश चाखलेली मुले अपयश येताच पूर्वीसारखीच ढेपाळली. दुसऱ्या गटातली टिकून राहिली किंवा सुधारली. मुले थोडी होती, तेव्हा या प्रयोगावर सगळा भार टाकू नये. पण दिशा स्पष्ट आहे.

परीक्षेच्या सकाळी ‘मी काहीच वाचलं नाही’ असे सर्वांना सांगत फिरणारा मुलगाही आपल्या ओळखीचा असतो. जोन्स आणि बर्ग्लास यांनी १९७८ मध्ये या प्रवृत्तीचा अभ्यास केला. ही आधीच तयार ठेवलेली सबब असते. आपली कुवतच कमी आहे असे ठरण्याची भीती तिच्यामागे असते, म्हणून काही मुले खरोखरच अभ्यास टाळतात. अशा मुलाची वर्गासमोर थट्टा केली, तर ती भीती वाढेल आणि सबब अधिक पक्की होईल.

घटक चाचणीनंतर एक साधा उपक्रम करून पाहावा. प्रत्येकाने आपल्या गुणांचे एक कारण चिठ्ठीवर लिहावे; नाव लिहू नये. फळ्यावर वरील तीन प्रश्नांचे रकाने आखून चिठ्ठ्या वाटाव्यात. जास्त गुण मिळालेल्यांची आणि कमी गुण मिळालेल्यांची कारणे वेगवेगळ्या रकान्यांत पडतात का, हे मुलांनीच मोजावे. मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहावा: हे खरे आहे की नाही, हे पुढच्या चाचणीत कसे कळेल?

‘पेपर अवघड होता’ असे अनेक चिठ्ठ्यांत निघाले, तर एक कसोटी आपल्यालाही द्यावी लागेल. प्रश्नपत्रिका पुन्हा काढून पाहावी. एखाद्या वेळी अंगण वाकडे निघेलही, आणि ते सरळ करणे आपल्याच हातात असेल.