गुरुव्याधित, परंतु लघुव्याधितासारखा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या, व्याधितरूपीय अध्यायात रुग्णांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकाचा व्याधी गंभीर असूनही सत्त्व, बल व शरीरसंपदा यांमुळे तो किरकोळ आजारी भासतो. दुसऱ्याचे नेमके उलट. केवळ दर्शनावर विसंबणारा वैद्य येथे फसतो. कर्तृत्ववान व्यक्तीतील विषाद हे पहिल्या प्रकाराचे बोलके उदाहरण होय.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे हे सरपंचपद भूषविलेले, संगीतात रमणारे शेतकरी होते. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी सहकुटुंब जीवनयात्रा संपविली. शेतीच्या अर्थकारणाने केलेली कोंडी हे त्यामागील उघड कारण. तिला मनोविकार ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. तथापि गावाला आधार देणारा माणूस स्वतःचा भार कोणाजवळ उतरवतो, हा प्रश्न उरतोच.

असा रुग्ण ‘मन उदास आहे’ असे सांगत येत नाही. तो मुख्याध्यापक असेल, कृषी केंद्राचा मालक असेल किंवा गुणवत्ता यादीतील विद्यार्थिनी. तक्रार आम्लपित्ताची, डोकेदुखीची, पहाटेच उडणाऱ्या झोपेची. काम मात्र चोख; किंबहुना पूर्वीपेक्षा अधिकच, कारण रिकामा वेळ त्याला सोसत नाही. म्हणून कामाविषयी नव्हे, रुचीविषयी विचारावे. भजनाला जाणे का सुटले? पोळ्याला बैल सजवताना मन लागले का? खिन्नता अथवा अरुची दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर केवळ पित्तशामक देऊन बोळवण करू नये.

विषादाची गणना ८० वातज नानात्मज विकारांत असल्याने आपला हात अभ्यंग, शिरोधारा यांकडे सहज वळतो. वळावा, परंतु सत्त्वावजयासाठी रुग्णासमोर अर्धा तास बसावे लागते, आणि तेच आपल्या गर्दीत राहून जाते. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावतात, हा समज निराधार आहे. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून अहोरात्र चालतो. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या सल्ल्याने अचानक बंद होऊ नयेत.

त्वरित धोका नसलेल्या रुग्णास पुढील भेटीची तारीख आपणच लिहून द्यावी. ‘कामातून सवड मिळाली की येतो’ असे म्हणणारा बहुधा येत नाही.