भार हाच इंजिनाचा आधार

ड्रॅग शर्यतीचा रस्ता नाकासमोर सरळ आणि जेमतेम पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा असतो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे पिवळे दिवे उतरत येतात, हिरवा लागतो आणि दहा-बारा सेकंदांत निकाल हाती येतो. ना वळण, ना घाट. एवढ्याशा अंतरात इंजिनाला इजा व्हावी असं वरवर पाहता काहीच नाही. तरीही हा खेळ इंजिनं खाणारा म्हणून ओळखला जातो. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडणं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणं, बेअरिंग जळणं या सगळ्या गोष्टी या बारा सेकंदांत होतात. आणि त्यातल्या बहुतेक टाळता येतात.

हा लेख ज्या गाड्यांबद्दल आहे त्या अमेरिकेतल्या मसल कार. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं, ही त्यामागची साधी कल्पना. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने ती लोकप्रिय केली. १९७० च्या शेव्हर्ले शेव्हेल एसएसमध्ये मिळणारं एलएस-६ इंजिन ४५४ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं होतं आणि त्याची घोषित ताकद ४५० हॉर्सपॉवर होती. यांतल्या कितीतरी गाड्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन कारखान्यातून बाहेर पडल्या: क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, जनरल मोटर्सचा टर्बो ४००, फोर्डचा सी-६. खऱ्या शर्यतपटूने क्लच दाबूनच गिअर टाकावा, असं मानणारे तेव्हाही होते. पण मैदानावर ऑटोमॅटिकने आपली जागा मिळवली, कारण तो प्रत्येक फेरीत जवळजवळ तेवढाच वेळ देतो. त्याचा दुसरा गुण कमी बोलला जातो: नीट वापरला तर तो इंजिनाचा पहारेकरी असतो.

तुटतं कधी?

पहारा कशापासून, हे कळायला पिस्टनकडे पाहावं लागतं. एलएस-६ मध्ये पिस्टन वर-खाली चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर प्रवास करतो. मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट सेकंदाला १०८ वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्या क्षणी त्याला खाली खेचायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,२०० पट त्वरण लागतं. पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून एक किलो धरलं, तर रॉडवर तीन टनांहून जास्त ताण येतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या ८,००० वर गेल्या की तोच आकडा पावणेपाच टनांच्या वर जातो. वेग चोवीस टक्क्यांच्या आत वाढला, ताण मात्र दीडपट झाला.

आता या ताणाला आवर कोण घालतं? पॉवर स्ट्रोकला पेटलेला वायू पिस्टनला वरून दाबत असतो आणि तो दाब रॉडवरची खेच कमी करतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी मात्र वर काहीच नसतं. रॉड आणि त्याचे बोल्ट सगळा ताण एकट्याने सोसतात. बोल्ट बहुधा इथेच तुटतात. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर, चाकांचा पूर्ण भार ओढत ६,००० वर चाललेलं इंजिन जितकं सुरक्षित असतं, तितकं ८,००० वर मोकळं फिरणारं कधीच नसतं. त्या वेगाला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही मागे पडतात. कॅमशाफ्ट पुढे निघून जातो, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टन त्याला गाठतो.

रस्सीखेचीत समोरच्यांनी एकाएकी दोर सोडला की जोर लावणाराच पाठीवर आपटतो. इंजिनाचंही तसंच आहे. भार त्याला दमवतो खरा, पण तोच त्याला ताब्यातही ठेवतो. पूर्ण थ्रॉटल उघडं असताना भार सुटला, तर फेऱ्या वाढायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळही लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीची शर्यतीतली सगळी काळजी या एका वाक्यात मावते: थ्रॉटल उघडं असेपर्यंत इंजिनाच्या अंगावरचा भार सुटू द्यायचा नाही.

तेलातून जाणारी ताकद

या कामात पहिला मदतनीस म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. त्याची कल्पना जर्मन अभियंता हेरमान फटिंगर यांची. त्यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं होती. बंद डब्यात तेल असतं. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक ते तेल बाहेर फेकतं, समोरचं दुसरं चाक त्या प्रवाहाने फिरतं आणि गिअरबॉक्सला फिरवतं. दोघांच्या मध्ये असलेला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. दोन चाकांमध्ये कुठेही धातूला धातू जोडलेला नसल्याने टायरने रस्ता पकडल्याचा झटका थेट क्रँकशाफ्टवर बसत नाही, तेल तो गिळतं.

दुसरा मदतनीस म्हणजे गिअर बदलण्याची रीत. हाताने गिअर टाकताना क्लच दाबला की इंजिन क्षणभर मोकळं होतं आणि गिअर चुकला तर मोकळंच राहतं. ऑटोमॅटिकमध्ये एक क्लच किंवा बँड सुटत असतानाच दुसरा पकड घेतो. पाय थ्रॉटलवरून उचलावा लागत नाही आणि भारात खंड पडत नाही.

कन्व्हर्टर निवडताना त्याचा स्टॉल वेग पाहतात, म्हणजे गाडी जागीच धरून पूर्ण थ्रॉटल दिलं तर इंजिन किती फेऱ्यांपर्यंत जाईल. कारखान्याच्या साध्या कन्व्हर्टरचा हा आकडा दोन हजारांच्या आसपास असतो, शर्यतीच्या कन्व्हर्टरचा तीन ते पाच हजार किंवा त्याहूनही वर. इंजिनाची ताकद जिथे भरात येते, त्याच्याशी तो जुळला पाहिजे. मोठा आकडा म्हणजे चांगला कन्व्हर्टर असं मानून घेतलं, तर गाडी हलण्याऐवजी तेलच तापतं.

सुरुवातीच्या रेषेवर

शर्यतीआधी मागची चाकं पाण्यावर गरगर फिरवून टायर तापवतात. याला बर्नआउट म्हणतात आणि नवशिक्यांचं पहिलं नुकसान इथे होतं. टॉर्कफ्लाइट ७२७ हा भक्कम गिअरबॉक्स, पण पहिल्या गिअरमध्ये त्याची मदार एकाच दिशेने धरणाऱ्या एका छोट्या क्लचवर असते. पहिल्या गिअरमध्ये टायर फिरत असताना भार एकदम सुटला आणि हा क्लच निकामी झाला, तर आतला पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरतो आणि फुटतो. त्याचे तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून गाडीत घुसू शकतात. म्हणून जाणकार सांगतात की बर्नआउट दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, चाकं कोरड्यावर येण्याआधी थ्रॉटल हळूहळू कमी करा आणि पेडल एकाएकी सोडू नका.

रेषेवर उभं राहिल्यावर गाडी धरण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे डाव्या पायाने ब्रेक दाबायचा. ताकदवान गाडीत मागची चाकं त्या ब्रेकला जुमानत नाहीत. दुसरी पद्धत ट्रान्सब्रेकची. बटण दाबलं की गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकाच वेळी लागतात आणि बाहेर जाणारा शाफ्ट जखडतो. बटण सोडताच रिव्हर्स सुटतो आणि गाडी उसळते. या काळात इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता होऊन जिरत असते, त्यामुळे इथे सेकंद मोजूनच उभं राहावं. टू-स्टेप नावाचा दुहेरी मर्यादक रेषेवर फेऱ्या ठरावीक आकड्यावर रोखतो आणि बटण सुटलं की वरची मर्यादा लागू करतो.

गिअरच्या दांड्याचा धोका

नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये दांड्याच्या खुणा पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन, एक अशा क्रमाने असतात. पहिल्यातून वर जाताना दांडा पुढे ढकलायचा. शर्यतीच्या आवेशात तो ड्राइव्हच्याही पुढे गेला, तर न्यूट्रल लागतो. पूर्ण थ्रॉटलवर न्यूट्रल म्हणजे इंजिनावरचा सगळा भार एका क्षणात नाहीसा.

डेट्रॉइटला हा धोका ठाऊक होता. १९६७ च्या ऑटोमॅटिक जीटीओत मिळणाऱ्या हर्स्ट कंपनीच्या ड्युअल-गेट दांड्याला दोन खाचा होत्या: एक रोजच्या चालवण्यासाठी, दुसरी स्वतः गिअर बदलण्यासाठी. दुसऱ्या खाचेत दांडा कितीही जोरात ढकलला तरी न्यूट्रलमध्ये जात नसे. पुढे शर्यतवाल्यांनी गिअरबॉक्सचा व्हॉल्व्ह बॉडीच बदलून क्रम उलटा केला. न्यूट्रलनंतर एक, दोन, तीन. आता वर जायला दांडा आपल्याकडे ओढायचा आणि शेवटी फक्त तिसरा गिअर. त्याच्या पलीकडे चुकायला जागाच नाही.

त्याच्या जोडीला हवा रेव्ह लिमिटर. ठरवलेल्या आकड्यावर तो ठिणगी तोडतो. शाफ्ट तुटला किंवा टायर घसरले, तर माणसाच्या पायाआधी तोच जागा होतो. आणखी एक काळजी घरी, कागदावर घ्यायची. २८ इंच उंचीचे टायर आणि ४.१० चं मागचं गुणोत्तर असेल, तर ताशी १८५ किलोमीटरला इंजिन साधारण ५,६६० फेऱ्या घेतं. कन्व्हर्टरची पाच-सहा टक्के घसरण मिळवली की ६,०००. आपल्या इंजिनाची सुरक्षित मर्यादा ५,८०० असेल, तर शेवटच्या रेषेजवळ त्रास ठरलेला. उपाय सोपा आहे: गुणोत्तर बदला किंवा टायर उंच घ्या.

पहारेकऱ्यावरही नजर

ऑटोमॅटिक इंजिनाला जपतो, पण चुकीचा बसवला तर तोच त्याला मारतो. दाबाखाली कन्व्हर्टर फुगतो आणि क्रँकशाफ्टला पुढे रेटतो. तो रेटा झेलायला इंजिनात एकच थ्रस्ट बेअरिंग असतं. म्हणून क्रँकशाफ्टवरच्या फ्लेक्सप्लेटला कन्व्हर्टर जोडण्याआधी दोघांमध्ये सुमारे तीन ते पाच मिलिमीटर मोकळीक मोजून ठेवतात. ती न ठेवल्याने कितीतरी चांगली इंजिनं मैदानावरच्या पहिल्या काही फेऱ्यांतच संपली आहेत.

इंजिनाच्या तेलाचंही तसंच. गाडी सुटताना सम्पमधलं तेल मागे धावतं, शेवटी ब्रेक दाबला की पुढे. पंपाचं तोंड उघडं पडलं की बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. खोल सम्प आणि आतल्या आडव्या पट्ट्या यासाठीच. दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय दाब हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. रेषा ओलांडल्यावर थ्रॉटल सावकाश सोडावं, गिअर तसाच ठेवावा आणि वेगात न्यूट्रल टाकू नये.

फिरणारा धातू फुटला तर काय होतं, हे ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स मैदानावर दिसलं. डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा दोन गिअरचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्याच वर्षी ते इंजिन पाठीमागे बसवलेली गाडी घेऊन उतरले आणि जिंकू लागले. या खेळाची अमेरिकन संस्था एनएचआरए वेगवान गाड्यांना गिअरबॉक्सचं कवच, ड्राइव्हशाफ्टभोवतीचं कडं आणि क्रँकशाफ्टचा प्रमाणित डँपर सक्तीचे करते. त्या नियमांमागे अशीच दुखणी आहेत.

आता हे सगळं संगणकाकडे

२०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमनमध्ये ८४० हॉर्सपॉवरपर्यंत जाणारं इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि कारखान्यातूनच बसवलेला ट्रान्सब्रेक होता. पाव मैलासाठी तिची घोषित वेळ ९.६५ सेकंद. रेषेवर उभी असताना ही गाडी इंधन आणि ठिणगी स्वतः सांभाळते, एसीच्या शीतकाने इंजिनात जाणारी हवा थंड करते आणि फेरीनंतर इंजिन बंद केल्यावरही पंखा चालू ठेवते. पूर्वी जे हुशार मेकॅनिक हाताने करत, ते इथे यंत्रच करतं.

भारतात २०१६ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग जीटी फक्त ऑटोमॅटिकच मिळत होती. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीही झाल्या आहेत. त्यामुळे हा विषय आपल्यालाही अगदी परका राहिलेला नाही. अशी गाडी मैदानावर नेणाऱ्याने घड्याळाकडे पाहण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: लिमिटर कुठे लावलाय, दांडा न्यूट्रलमध्ये जाऊ शकतो का, शेवटच्या रेषेवर फेऱ्या किती होतील आणि तेल किती तापलंय. या चारांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, तो निर्धास्तपणे पूर्ण थ्रॉटल देऊ शकतो. इंजिन जपणं म्हणजे भीत भीत चालवणं नव्हे. ते भाराखाली धरून ठेवलं की त्याची पूर्ण ताकद मागण्याचा हक्क मिळतो, आणि ते ती आनंदाने देतं.