पुस्तक उघडं असलं तरी

‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग पाठ कशाला करायचं?’ मुंबईजवळच्या कोपर स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभ्या पोरांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं.

गैरसमज : संदर्भ हाताशी असला की डोक्यात काही नसलं तरी चालतं.

कोपरला जलद लोकल थांबत नाही. दिवा-डोंबिवलीच्या मधून ती भरधाव जाते. शेजारी धिम्या लोकलचे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ. त्यांच्या गर्दीत आपला सिग्नल कोणता, तो कुठे येणार, हे मोटरमनला आधीच ठाऊक असावं लागतं. पानं चाळायला तिथे सवड नसते. म्हणून तर आधी मार्ग ओळखीचा करून घेण्याच्या, ‘रोड लर्निंग’च्या फेऱ्या असतात. मार्ग माहीत नसेल तर माहीतगार सोबत घ्यायचा, असं रेल्वेचे 1976 चे सर्वसाधारण नियमच सांगतात. त्यातला नियम 2.03 तर भलताच कडक आहे : नियमांची प्रत मिळो न मिळो, आपल्या कामाचे नियम माहीत हवेतच!

तात्पुरते वेगनिर्बंध मात्र कोणी पाठ करत नाही. ते सारखे बदलतात, म्हणून लेखीच मिळतात. इथे आठवणीवर विसंबणं हाच धोका.

गैरसमज : पुस्तक उघडून दिलेली परीक्षा सोपी.

वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा 2011 मध्ये सुरू झाली. आधी पुस्तकं, टिपणं सगळं चालायचं. 2021 पासून फक्त टिपणं नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, नेता येतात. प्रश्न 100, एकेकाला जेमतेम दोन मिनिटं. प्रश्न करार कायद्याचा की पुराव्याच्या कायद्याचा, इथेच जो अडखळला त्याने कुठला ॲक्ट उघडायचा?

गैरसमज : म्हणजे घोकंपट्टीच बरी.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि वर्षानुवर्षं जिभेवर असलेले जुन्या दंड संहितेतल्या कलमांचे आकडे एका दिवसात जुने झाले. खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318. कल्याण कोर्टातल्या मुरलेल्या वकिलालाही जुन्या-नव्या कलमांचा तक्ता बघावा लागला, तर त्यात कमीपणा कसला? खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक मात्र त्या तक्त्यात नसतो. आरोपीचा उद्देश काय होता, परिणामाची त्याला जाणीव होती का, हे प्रश्न नव्या संहितेच्या 100 आणि 101 या कलमांतही जवळजवळ जसेच्या तसे आहेत.