कागदाचा दरोडा

दिवाळीच्या सुटींत आमच्या पेठ वडगांवच्या घरीं मुलाबाळांची गर्दी जमली, म्हणजे रात्रीं माजघरांत चित्रपट पाहण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. कोणी तरी यंत्र आणतो, भिंतीवर एक जुनें धोतर ताणून बांधलें जातें, आणि लहानथोर मंडळी सतरंजीवर बसतात. यंदा आमच्या नातवानें ‘दि स्पॉयलर्स’ हा इ. स. १९४२ चा अमेरिकन चित्रपट निवडला. पिस्तुलें व मारामारी या आमिषानें मुलें बसलीं. मार्लीन डिट्रिच या नटीचें नांव ऐकून आम्हीही बसलों, हें कबूल करावयास हरकत नाहीं. आमच्या आत्याबाई, वय वर्षें सत्त्याऐंशी, आपली नेहमींची जागा सोडावयास तयार नव्हत्या, म्हणून बसल्या.

कथानक असें : अलास्का हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकाचा, वर्षांतील कित्येक महिने बर्फानें जखडलेला प्रदेश. तेथील नोम या गांवीं सोनें सांपडतें. दोन भागीदार आपल्या हक्काच्या खाणींत रक्ताचें पाणी करीत असतां गांवांत कायदा येतो. न्यायाधीश येतो, आणि सोन्याच्या खाणींवर नेमलेला एक रुबाबदार कमिशनरही येतो. मग खाणीच्या मालकीबद्दल तंटा उकरून काढावयाचा. तंट्याचा निकाल लागेपर्यंत खाण कोर्टाच्या ताब्यांत घ्यावयाची. आणि ताब्यांत आहे तोंवर तिच्यांतलें सोनें उपसून न्यावयाचें! म्हातारा भागीदार म्हणतो, बंदूक काढ. तरुण भागीदार, म्हणजे नट जॉन वेन, म्हणतो, कायद्यावर विश्वास ठेवूं. ठेवतो, आणि फसतो.

येथें आत्याबाई प्रथमच बोलल्या : “अरे, हा तर आपल्याकडचाच प्रकार. कोट तेवढे निराळे.”

शेवटीं न्याय मिळतो तो मुष्टियुद्धानें. वेन आणि कमिशनरची भूमिका करणारा रँडॉल्फ स्कॉट हे एकमेकांस अशा कांहीं आवेशानें बडवितात कीं, मद्यगृहांतील एकही वस्तु धड राहत नाहीं. मुलांनीं टाळ्या पिटल्या. आम्हांस मात्र हा शेवट कांहींसा खोटा वाटला, आणि दुसऱ्या दिवशीं मूळ हकीकत शोधून काढल्यावर तर तो अगदींच खोटा वाटला.

कारण ही गोष्ट घडलेली आहे. इ. स. १८९८ मध्यें नोमजवळच्या एका ओढ्यांत तिघां परदेशीयांस सोनें सांपडलें. लोकांनीं त्यांना ‘तीन नशीबवान स्वीड’ असें नांव दिलें; वास्तविक त्यांतला एक नॉर्वेचा. दोन वर्षांत हजारों माणसें त्या किनाऱ्यावर लोटलीं. इ. स. १९०० च्या जुलैंत आर्थर नॉईज हा नवा न्यायाधीश जहाजांतून उतरला, आणि त्याच्या बरोबर अलेक्झांडर मॅकेंझी नांवाचा उत्तर डाकोटांतील एक बडा राजकारणी. परदेशीयांस खाणींवर हक्क कसला, हा मुद्दा पुढें करणाऱ्यांचे दावे मॅकेंझीनें आपल्या कंपनीच्या नांवें अगोदरच गोळा केले होते. न्यायाधीशाला येऊन आठवडाही लोटला नाहीं, तोंच दुसऱ्या पक्षाचें म्हणणें न ऐकतां त्यानें उत्तमोत्तम खाणी मॅकेंझीच्या ताब्यांत देण्याच्या हुकमांवर सही केली. दावेदारही तोच आणि कोर्टानें नेमलेला रखवालदारही तोच!

लुटल्या गेलेल्या खाणवाल्यांनीं काय केलें? त्यांच्या वकिलांनीं अपिलाची परवानगी मागितली. ती नाकारण्यांत आली. तेव्हां त्यांनीं आपले कागद हजारों मैलांवरील सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील-कोर्टाकडे समुद्रमार्गें धाडले. तेथील न्यायमूर्ति मॉरो यांनीं खाणी परत करण्याचे हुकूम दिले. ते नोमला पोंचले, तर मॅकेंझीनें मानले नाहींत. समुद्र गोठावयाचे दिवस जवळ येत चालले होते; एकदां गोठला म्हणजे उन्हाळ्यापर्यंत जहाज नाहीं, कीं हुकूम नाहीं. परंतु त्यापूर्वींच ऑक्टोबरांत अपील-कोर्टाचे अंमलदार येऊन थडकले आणि मॅकेंझीला धरून घेऊन गेले. इ. स. १९०१ च्या फेब्रुवारींत कोर्टाच्या अवमानाबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती त्यानें पुरती भोगली नाहीं. मे महिन्यांतच अध्यक्ष मॅकिन्ले यांनीं प्रकृतीच्या कारणावरून त्यास माफी दिली. नॉईजला एक हजार डॉलर दंड झाला व पुढें त्याची जागाही गेली. त्या वेळीं सोन्याच्या शोधांत नोमला गेलेल्या रेक्स बीच नांवाच्या तरुणानें इ. स. १९०६ मध्यें यावर कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून १९१४ पासून १९५५ पर्यंत पांच वेळां चित्रपट निघाले. कागदावर कागद पाठवून जिंकलेल्या लढाईचें चित्र काढणें कठीण, म्हणून गुद्दे आले असावेत.

आत्याबाईंचा तो उद्गार मात्र डोक्यांतून जाईना. कायद्याचा कागद हातांत घेऊन आलेल्या दरोडेखोराचें चित्र आपल्याकडेही निघालें होतें, आणि तें आमच्या गांवापासून पांचसहा कोसांवरच्या कोल्हापुरांत. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें इ. स. १९२५ मध्यें काढलेला ‘सावकारी पाश’ हाच तो मूकपट. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायीं एका शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत जाते, आणि तो पोटासाठीं शहराची वाट धरून गिरणींत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याचें काम शांताराम वणकुद्रे यांनीं केलें होतें. चार वर्षांनीं ‘प्रभात’च्या संस्थापकांत जे एक झाले ते हेच.

बाबुराव पेंटर, मूळचे मेस्त्री, हे चित्रकार व कारागीर. बंधु आनंदराव यांच्या बरोबर त्यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ सालीं वारले, तरी यांनीं तो तडीस नेला. ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनीं त्यांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविलें. असा मनुष्य देवादिकांचीं व राजेरजवाड्यांचीं चित्रें काढून सुखानें पैसा मिळवीत राहिला असता. त्यानें एक मोडकी झोंपडी आणि तिच्यापाशीं रडणारें कुत्रें दाखविलें. पडद्यावर चमत्कार पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांनीं या चित्रपटाला हात दिला नाहीं. कर्जाची कथा पैसे देऊन पाहण्याची गरज बहुतेकांस वाटली नसावी. घरीं ती फुकट होती. तरीही बाबुरावांनीं १९३६ सालीं तोच विषय बोलपट करून पुन्हां मांडला. १९२५ च्या मूकपटाची प्रत आज पाहावयास मिळत नाहीं, याची हळहळ वाटते.

‘सावकारी पाशां’त मुष्टियुद्धानें जमीन परत मिळत नाहीं, कारण आपल्या शेतकऱ्याचा अनुभव तसा नव्हता. त्याच्या अगोदर पन्नास वर्षें, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना माणसें मारावयाचीं नव्हतीं; खतें व रोखे हवे होते. जेथें ते मुकाट्यानें मिळाले तेथें दंग्याची मजल फार पुढें गेली नाहीं. कागदांची होळी झाली, कीं लोक घरीं जात. या रागाचें मूळ पाहूं गेल्यास पुन्हां अमेरिकाच भेटते. तिकडे १८६१ पासून चार वर्षें यादवी युद्ध चाललें, म्हणून आपल्या कापसास सोन्याचा भाव आला व सावकारांनीं सढळ हातानें कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव कोसळला, कर्जें राहिलीं. त्यांतच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें होतें. हेतु ऋणकोच्या हिताचा. परिणाम असा कीं, दर तीन वर्षांनीं नवा रोखा, व्याज मुद्दलांत, आणि त्यावर पुन्हां व्याज. फिर्याद झाली, कीं बिचारा कुणबी कोर्टांत हजरही होत नसे, व एकतर्फी हुकूमनामा होई. नोमच्या न्यायाधीशानें तरी लांच खाल्ली असेल. इकडे प्रामाणिक मुनसफाच्या हातूनही तेंच घडत होतें. दंग्यानंतर १८७९ च्या कायद्यानें कोर्टास रोख्याच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मोकळीक मिळाली. पण तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता. आमचें वडगांव करवीर संस्थानांत.

आतां एक घरची गोष्ट सांगतों. हा विषय डोक्यांत घोळत असतां आम्हीं माळ्यावरची जुनी लांकडी पेटी खालीं काढली. वाणसामानाच्या याद्या, पंचांगें, लग्नपत्रिका, आणि तळाशीं करवीर सरकारच्या स्टँपाच्या कागदावर मोडींत लिहिलेलें एक गहाणखत. रक्कम लहान, व्याज मोठें, मुदत थोडी. घेणार आमचे खापरपणजोबा. अक्षर इतकें सुरेख कीं पाहत राहावें. खालीं देणाऱ्याच्या नांवापुढें सही नाहीं, तर काड्यांसारख्या चार रेघा : निशाणी नांगर. लिहितां न येणारा कुणबी सहीच्या जागीं तेवढी खूण करीत असे. जें त्यानें मान्य केलें तें त्याला वाचतां येत नव्हतें, आणि वाचून दाखविणारेही आमचेच.

खतांत ज्या शेताचें वर्णन आहे, तें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. कूळकायद्यांत तें आमच्याकडून गेलें. १ एप्रिल १९५७, म्हणजे ‘कसेल त्याची जमीन’ हा दिवस, आमच्या घरांत एखाद्या श्राद्धतिथीसारखा सांगितला जातो. त्या वेळीं आत्याबाई एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. वडिलार्जित शेत सरकारनें एका कागदानें काढून घेतलें, हें त्यांचें दुःख आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहोंत, आणि खोटें सांगावयाचें नाहीं, तें आम्हांसही आपलेंच वाटत आलें आहे.

नातवानें विचारलें, “निशाणी नांगर म्हणजे काय?” त्याला सांगितलें. मग आत्याबाईंच्या पुढें बसून सबंध खत सावकाश वाचून दाखविलें. गहाण देणाऱ्याचें नांव आलें. १९५७ मध्यें ज्या कुळाच्या नांवें शेत चढलें, त्या घराण्याचें आडनांव तेंच.

आत्याबाईंनीं चष्मा काढून पदरानें पुसला आणि म्हणाल्या, “तें आडनांव पुन्हां वाच.”