अनुदानाचं काम झालं, हिशेब राहिला. मग पैसे कोण भरणार? सह्या करणाऱ्या सदस्यांनी हे वाचाच

मार्च एंड जवळ आला की तालुक्यातल्या सीएच्या ऑफिसात पिशवीभर पावत्या घेऊन बसलेले संस्थाचालक दिसतात. कुणाचं वसतिगृह, कुणाचं पाळणाघर, कुणाचं व्यसनमुक्ती केंद्र. काम झालेलं असतं, पैसाही बहुतेक त्याच कामाला लागलेला असतो. फक्त वर्षभर त्याचा हिशेब कुणी लिहिलेला नसतो. आणि ज्या पैशाचा हिशेब आला नाही, तो सरकारी दप्तरात खर्च झाला असं धरलं जात नाही.

या हिशेबाच्या कागदाला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. बोलताना सगळे ‘यूसी’ म्हणतात. केंद्र सरकारचं अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियम 2017 लागू होतात आणि प्रमाणपत्र ‘12-ए’ नमुन्यात द्यावं लागतं. मागची शिल्लक किती, यंदा किती आले, व्याज किती मिळालं, खर्च किती, उरले किती, हे सगळं त्यात येतं. मुदत आहे आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांची. म्हणजे 2024-25 मध्ये आलेल्या पैशाचं प्रमाणपत्र 31 मार्च 2026 पर्यंत. मंजुरी आदेशात त्याआधीची तारीख दिली असेल तर तीच पाळायची. राज्य सरकारच्या अनुदानाला राज्याचे नियम आणि त्या योजनेचा जीआर लागू होतो, त्यामुळे नमुना आणि मुदत जीआरमध्येच बघावी.

बारा महिने म्हणजे भरपूर वेळ, असं वाटतं. इथंच गाडी अडते. दरवर्षी मिळणाऱ्या अनुदानात मागच्या वर्षाचं प्रमाणपत्र आणि ऑडिट झालेले हिशेब पोहोचल्याशिवाय नव्या वर्षाच्या मंजूर रकमेपैकी 75 टक्क्यांच्या वर पैसे सोडता येत नाहीत. कागद लटकला की हप्ता लटकतो. मग किराणा दुकानदाराची उधारी वाढते आणि पाळणाघरातल्या ताईंचं मानधन दोन-दोन महिने थकतं. चूक अध्यक्ष-सचिवांची आणि भोगतात भलतेच. वेळेत प्रमाणपत्र न देणाऱ्या संस्थेला काळ्या यादीत टाकण्याचा अधिकारही मंत्रालयाला आहे.

गावात फारशी माहीत नसलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. केंद्राचं अनुदान सुटण्याआधी संस्थेच्या कार्यकारिणीच्या सदस्यांकडून बॉण्ड लिहून घेतला जातो. अटी पाळल्या नाहीत किंवा पैसा दुसरीकडे वळवला, तर सगळी किंवा काही रक्कम वर्षाला 10 टक्के व्याजानं परत करायची, आणि ती जबाबदारी सही करणाऱ्यांची एकत्रित तसंच वैयक्तिक. म्हणजे 1 लाख परत मागितले तर वर्षाला 10 हजार व्याज त्यावर. ‘मी नावालाच सदस्य आहे, सचिवभाऊंनी सांगितलं म्हणून सही केली’ हे तिथं चालत नाही. सही करण्याआधी बॉण्ड वाचा आणि त्याची झेरॉक्स मागून घ्या. त्यात अपमान कुणाचाच नाही.

हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा लबाडीनं नाही, सवयीनं. समजा, संस्थेला 6 लाख आले. बिलं आहेत 5 लाख 40 हजारांची. खाटांसाठी दुकानदाराला 25 हजार आगाऊ दिलेत, खाटा अजून आल्या नाहीत. बँकेत 35 हजार आणि वर व्याजाचे 8 हजार पडून आहेत. ‘पुढच्या महिन्यात खर्च होणारच आहेत’ म्हणून प्रमाणपत्रात सरळ लिहिलं जातं, 6 लाख खर्च. पण खर्च 5 लाख 40 हजारच आहे. आगाऊ रक्कम म्हणजे खर्च नव्हे, तर ती शिल्लक 60 हजारांतच दाखवायची. केंद्राच्या अनुदानावरचं व्याजही संस्थेचं नसतं. हिशेब पक्का झाला की ते सरकारजमा करावं लागतं.

हा खोटा आकडा उघडा पडतो तो ऑडिटमध्ये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 प्रमाणे नोंदणीकृत संस्थेचे हिशेब 31 मार्चला बंद होतात, त्यांचं ऑडिट सहा महिन्यांत व्हावं लागतं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. तिथल्या ताळेबंदात खाटांचे 25 हजार येणे दिसतात आणि प्रमाणपत्रात मात्र खर्च. एकाच संस्थेचे दोन कागद, दोन आकडे. पुढं खुलासे देत बसायचं.

दुसरी सवय म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला ‘तात्पुरता’ वापरणं. पगाराच्या पैशातून छप्पर दुरुस्त केलं, तर काम कितीही गरजेचं असलं तरी मंजुरी नसेल तो खर्च नाकारला जाऊ शकतो. अनुदानाचं वेगळं बँक खातं, रोज लिहिलेलं रोजकीर्द आणि ज्या दिवशी खरेदी त्याच दिवशी बिलावर योजनेचं नाव, एवढं ठेवलं तर सीएकडे पिशवी घेऊन जायची वेळ येत नाही. अनुदानातून घेतलेला फ्रीज असो की संगणक, तो वस्तू नोंदवहीत चढवा. परवानगीशिवाय तो विकताही येत नाही.

ज्यांची मुलं त्या वसतिगृहात किंवा पाळणाघरात आहेत, त्यांनाही हा हिशेब बघता येतो. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये दिला. संस्था टाळाटाळ करत असेल तर अनुदान देणाऱ्या खात्याकडेच अर्ज करणं सोपं पडतं. अर्जात योजनेचं नाव आणि वर्ष लिहून तीन कागद मागायचे: मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र आणि ऑडिट झालेला हिशेब. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस.