सध्यां आपण काय वाचतां?

दोन शेतकरी बांधावर भेटले म्हणजे पहिला प्रश्न पावसाचा, दुसरा बाजारभावाचा व तिसरा घरच्या मंडळींच्या प्रकृतीचा, हा क्रम आपल्याकडे ठरून गेलेला आहे. ह्या पंक्तींत आणखी एका प्रश्नास पाट मांडावा, अशी सूचना करण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे. तो प्रश्न म्हणजे, "सध्यां आपण काय वाचतां?" येथें वाचन म्हणजे खतांचीं कोष्टकें, फवारणीचीं पत्रकें किंवा बाजार समितीचे दर नव्हेत. तें वाचन धंद्याचें होय, व तें ह्या मासिकांतून होतच असतें. ज्यापासून एका पैचाही लाभ व्हावयाचा नाहीं, केवळ मनास बरें वाटतें म्हणून जें पुस्तक आपण हातीं धरतां, त्याविषयींचा हा प्रश्न आहे.

"शेतकऱ्यास असल्या वाचनास सवड कोठची?" असें कित्येक शहरवासी गृहस्थ म्हणतात. त्यांस आपल्या खेड्यांची पूर्वपीठिका ठाऊक नसावी. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय व पांडवप्रताप हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीं तयार झाले, व शिवलीलामृत १७१८ सालीं बारामतीस पुरें झालें. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या चातुर्मासांत हे ग्रंथ गांवोगांवच्या देवळांत व वाड्यांच्या ओसरीवर वाचले गेले. एकानें ओवी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा व पंचवीस-तीस माणसांनीं ऐकावें, अशी ती पद्धत होती. ऐकणारांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नसे. तरी ज्या रात्रीं अभिमन्यु चक्रव्यूहांत शिरे, त्याच्या दुसऱ्या दिवशीं भांगलणीच्या पातींत दुसरा विषय निघत नसे. ऐकल्याचें पुण्य लागे हें खरें. परंतु दिवसभर राबलेलीं माणसें आषाढापासून कार्तिकापर्यंत रोज येऊन बसत, तीं पुढें काय झालें ह्या ओढीनें. आनंदासाठीं वाचणें ह्याहून निराळें काय असतें?

पुढें छापील पुस्तकें आलीं, मुलें शिकलीं, व वाचन एकट्याचें झालें. शिक्षण वाढलें ही समाधानाची गोष्ट आहे. पण एकाच घरांत बाप काय वाचतो हें मुलास ठाऊक नाहीं, व सून काय वाचते ह्याची सासऱ्यास वार्ता नाहीं, अशी स्थिति उत्पन्न झाली. हातोहातीं भ्रमणध्वनी आल्यापासून तर जो तो आपापल्या काचेंत पाहूं लागला आहे. वाचणारा माणूस गांवांतून नाहींसा झाला असें वरवर वाटतें. तो खरोखरच नाहींसा झाला आहे कीं नुसता दिसेनासा झाला आहे, हें पाहावें म्हणून गेल्या दिवाळीपासून आठवडेबाजारांत, सोसायटीच्या कचेरींत, लग्नकार्यांत जो परिचित भेटेल त्यास हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ मीं ठेविला. जीं उत्तरें मिळालीं, त्यांपैकीं कांहीं वाचकांपुढें ठेवितों.

सत्तरी उलटलेले एक गृहस्थ व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तिसऱ्यांदां वाचीत आहेत. ही कादंबरी १९५५ सालची. माणदेशांतील एका धनगरवस्तीवर एक पोरसवदा मास्तर जातो, हळूहळू त्या वस्तीचा होतो, आणि शेवटीं दुष्काळ पडून वस्ती उठते, एवढेंच तिचें कथानक. ह्या गृहस्थांनीं १९७२ च्या दुष्काळांत खडीच्या कामावर दिवस काढलेले आहेत. "एवढें भोगल्यावर पुन्हां तेंच कशाला वाचतां?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "भोगतांना विचार करायला फुरसत नव्हती. आतां सावलींत बसून बघतों." ह्याहून अधिक विवेचन त्यांनीं केलें नाहीं, व मलाही त्याची जरूर वाटली नाहीं.

दुसरे एक दूधवाले आहेत. त्यांच्या गोठ्यांत चार म्हशी आहेत व सकाळ-संध्याकाळच्या धारा त्यांच्याच हातच्या आहेत; त्यामुळें त्यांस एक रात्रही गांव सोडतां येत नाहीं. ते विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' वाचीत होते. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण कर्जानें गांजून दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेला, तों १८५७ च्या धामधुमींत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला. त्यानें ही हकीकत १८८३ सालीं लिहून काढिली व चिंतामणराव वैद्य ह्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली. आमचे दूधवाले म्हणतात कीं, महाराष्ट्रापासून झांशीपर्यंतची वाट आपण गोठ्यांत बसून दोन वेळां चाललों, व म्हशींचा एकही वेळ चुकला नाहीं.

स्त्रियांचें वाचन आपणांस दिसत नाहीं, ह्याचें कारण आपण त्यांस विचारीत नाहीं. एका घरीं सूनबाई लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचीत असल्याचें समजलें. हें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहावयास शिकल्या. त्यामुळें त्यांची भाषा माजघरांत बोलतात तशीच आहे, व स्वतःच्या फजितीवर हंसण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. रात्रीं भांडीं आवरल्यावर ही सून त्यांतील दोन-चार पानें सासूबाईंस मोठ्यानें वाचून दाखविते. सासूबाईंची दृष्टि मंदावलेली आहे. त्या घरीं दूरदर्शनवरील मालिका अमुक वेळेस लागलीच पाहिजे, असा हट्ट आतां सासूबाईच धरीत नाहींत, असें कळतें.

आमच्या वऱ्हाडांतील एका स्नेह्यानें उद्धव शेळके ह्यांच्या 'धग' ह्या १९६० च्या कादंबरीचें नांव कळविलें. तिच्यांतील कौतिकचे हाल वाचून पुस्तक दोनदां खालीं ठेविलें, पण वऱ्हाडी बोली कानांत घुमत राहिल्यामुळें पुन्हां उचललें, असें ते लिहितात. एका द्राक्षबागाईतदाराच्या मुलाच्या उशाशीं अण्णा भाऊ साठे ह्यांची 'फकिरा' आहे. रात्रीच्या पाळीस वीज येते तेव्हां मोटारीच्या खोपींत बसून तो ती वाचतो. पाणी दुसऱ्या ओळींत वळविण्याची वेळ झाली हें पुस्तकामुळें विसरलें जाऊं नये म्हणून गजर लावून ठेवितो. शाळेंत जाणाऱ्या मुलांत साने गुरुजींची 'श्यामची आई' अजून पहिल्या मानाची आहे. गुरुजींनीं ती १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. मुलें तींत आई पाहतात. वडील माणसानें ती पुन्हां उघडली, तर कर्जापायीं एका चांगल्या घराची होणारी मानखंडना त्यास दिसेल, व ती त्यास परकी वाटणार नाहीं.

माझ्या स्वतःच्या हातीं सध्यां त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गांवगाडा' आहे. हा ग्रंथ १९१५ सालचा. आत्रे महसूल खात्यांतील अधिकारी होते, व खेडें कसें चालतें हें त्यांनीं दप्तरांतून व प्रत्यक्ष फिरून पाहिलें होतें. काळी आणि पांढरी, वतनदार, अलुते-बलुते, फिरस्ते, सणवार, देणेंघेणें ह्या सर्वांचें त्यांत इतकें बारीक वर्णन आहे कीं, कादंबरीसारखें एकेक प्रकरण संपवावेंसें वाटतें. त्यांचीं कित्येक मतें कडवट आहेत, कांहीं आज पटणार नाहींत. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांचें गांव आंतून कसें होतें हें पाहावयाचें असेल, तर ह्यासारखा दरवाजा दुसरा नाहीं.

आतां एका वादाची हकीकत सांगतों, कारण ती ह्या विषयाचें मर्म आहे. डॉ. आनंद यादव ह्यांचें 'झोंबी' हें आत्मचरित्रात्मक पुस्तक १९८७ सालीं निघालें, व १९९० सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या एका कुळाच्या पोरानें शाळेसाठीं घरच्या दारिद्र्याशीं व स्वतःच्या बापाशीं केलेली ती झुंज आहे. बाप मुलास शाळेंतून काढून शेतावर जुंपतो. हें पुस्तक एका कुटुंबांतील थोरल्या भावानें वाचलें, मग धाकट्यानें वाचलें, व दोघांत कडाक्याचा वाद झाला. थोरल्याचें म्हणणें, "जमीन दुसऱ्याची, खाणारीं तोंडें डझनभर, हातीं बैल धरावयास दुसरें माणूस नाहीं, त्या बापानें दुसरें काय करावें?" धाकट्याचें म्हणणें, "अडचण खरी, पण पोराची हौस चिरडण्यांत त्याला गोडी वाटूं लागली, तेथें त्याची अडचण संपली व अन्याय सुरू झाला." हा वाद चुलीपाशीं सुरू झाला व चार दिवस चालला. ह्याच थोरल्या भावानें आपल्या मुलीस दहावीनंतर घरीं ठेवण्याचा बेत केला होता. चौथ्या दिवशीं त्या मुलीनें तेंच पुस्तक बापासमोर बसून वाचावयास घेतलें. ती आतां तालुक्याच्या महाविद्यालयांत जाते. पुस्तकामुळेंच हें झालें असें मी म्हणत नाहीं. आईचाही आग्रह होता. पण जी गोष्ट घरांत कोणी कोणास तोंडावर बोलूं शकत नव्हतें, ती पुस्तकांतील माणसांच्या नांवानें चार दिवस मोकळेपणीं बोलली गेली, एवढें निश्चित. दोघां भावांनीं आपापल्या खोलींत तें पुस्तक मुकाट्यानें मिटलें असतें, तर हें बोलणें झालें नसतें.

ह्या चौकशींत आणखी एक गोष्ट आढळली. "हें पुस्तक आपणांस कसें मिळालें?" असें विचारल्यास बहुतेकांनीं जाहिरातीचें किंवा परीक्षणाचें नांव काढलें नाहीं. साडूनें सांगितलें, मुलीच्या शिक्षिकेनें दिलें, बसमध्यें शेजारच्याच्या हातीं पाहिलें, अशींच उत्तरें आलीं. बियाण्याचा चांगला वाण जसा एकाच्या शेतांतून दुसऱ्याच्या शेतांत जातो, तसें पुस्तकही तोंडोतोंडीं जातें.

पुस्तकें मुळींच मिळत नाहींत, ही तक्रार पूर्वी खरी होती. तिच्या निवारणार्थ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बोर्डन नांवाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणविले, व खेड्यांकरितां पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. आपल्या राज्यांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, व मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळूं लागलें. पांचगणीजवळचें भिलार हें स्ट्रॉबेरी पिकविणारांचें गांव. तेथें ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचें गांव' वसलें आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय ह्या गांवाच्या धर्तीवर ही कल्पना निघाली. शेतकऱ्यांच्या राहत्या घरांत, देवळांत, शाळेंत कपाटें मांडलेलीं आहेत. एका ठिकाणीं कादंबऱ्या, दुसऱ्या ठिकाणीं इतिहास, तिसऱ्या ठिकाणीं कविता. पाहुण्यानें बसावें व वाचावें. तेव्हां पुस्तकें आहेत. अनेक गांवीं तीं कुलुपांत आहेत, व किल्ली कोणाकडे हें विचारणारा नाहीं, एवढीच उणीव आहे.

म्हणून आपल्या संघापुढें एक अल्प सूचना ठेवितों. मासिक सभेचें काम संपल्यावर पाव तास राखून ठेवावा. त्यांत दोघा-तिघांनीं आपण काय वाचतों तें सांगावें. त्यानें पुस्तकाचा शेवट सांगूं नये, व त्यापासून कोणता बोध घ्यावा हेंही सांगूं नये. आपणांस जेथें हंसूं आलें, राग आला किंवा पान उलटवेना, तो प्रसंग तेवढा सांगावा. न आवडलेलें पुस्तक अर्ध्यावर टाकलें असेल तर तसें नि:संकोच म्हणावें; पुस्तक म्हणजे कांहीं सारा नव्हे कीं तें पुरें भरलेंच पाहिजे. सभागृहांत एक पेटी व एक नोंदवही असावी. वहींत क्रमांक, पुस्तकाचें नांव, नेणाराचें नांव, दिनांक, परत, व शेवटीं शेरा, असे रकाने आंखावे. शेऱ्याच्या रकान्यांत वाचणारानें आपल्या हातानें एक ओळ लिहावी. वर्षअखेर ती वहीच एक वाचनीय पुस्तक होईल.

वाचनापासून उपयोग काय, ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें मीं आतांपर्यंत टाळलें, कारण उपयोगासाठीं धरलेलें पुस्तक आनंद देत नाहीं. तरी महसूल खात्यांत कारकुनी करतांना पाहिलेली एक गोष्ट सांगणें कर्तव्य समजतों. खरेदीखत, वाटणीपत्र, कर्जाचा करार, फेरफाराची नोटीस, असा कोणताही चार पानांचा कागद पुढें आला कीं चांगले शिकलेले खातेदारही पहिला प्रश्न विचारीत, "सही कोठें करूं?" त्यांस वाचतां येत होतें, परंतु चार पानें सलग वाचण्याची संवय सुटलेली होती. अशा सहीपायीं बांधाचे तंटे वाढलेले व जमिनी हातच्या गेलेल्या मीं पाहिल्या आहेत. ज्यानें तीनशें पानांची कादंबरी हौसेनें संपविली, तो चार पानांच्या कागदास भीत नाहीं. तो खुर्ची ओढतो, चष्मा लावतो, व कारकुनास थांबावयास लावतो.

संपादकमहाशयांनीं पुढील अंकापासून ह्या विषयास एक पान देण्याचें मान्य केलें आहे. तरी वाचकांनीं पुस्तकाचें नांव, लेखकाचें नांव व आपला चार ओळींचा शेरा एका कार्डावर लिहून संघाच्या पत्त्यावर पाठवावा. घरांतील स्त्रियांचीं व मुलांचीं उत्तरें निराळ्या कार्डावर, त्यांच्याच हातचीं असावींत.